परिषदेस जाणारा चिकित्सक : तद्विद्यसंभाषा ते फंक्शनल मेडिसिन

तापीच्या उत्तर तीरावरील बऱ्हाणपूर हे एके काळी फारुकी सुलतानांच्या राजधानीचे आणि पुढे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे शहर होते. १५ ऑगस्ट २००३ रोजी खांडवा जिल्ह्यातून वेगळा काढलेला बऱ्हाणपूर जिल्हा मध्य प्रदेशात मोडत असला, तरी केळीचा व्यापार, सोयरीक आणि बाजारहाट या बाबतींत त्याचा खानदेशाशी असलेला संबंध तुटलेला नाही. आजारपणाचेही तसेच आहे. रावेर, मुक्ताईनगर या तालुक्यांतील रुग्ण बऱ्हाणपुरास जातो आणि बऱ्हाणपूरचा रुग्ण जळगावास येतो. राज्याची सीमा त्याच्या वाटेत आडवी येत नाही.

वैद्यकाच्या दृष्टीने या शहराचे एक वैशिष्ट्य सहसा ध्यानात घेतले जात नाही. येथे पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय स्वायत्त आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया महाविद्यालयही आहे. जिल्हा रुग्णालय आणि आधुनिक वैद्यकाचे खासगी व्यवसायी आहेतच. एवढ्याशा शहरात वैद्य, हकीम आणि डॉक्टर यांचे शिक्षण व व्यवसाय शेजारी शेजारी चालावेत, असे योग फार ठिकाणी जुळून येत नाहीत. एकाच कुटुंबातील आजोबा हकिमांचा काढा घेतात, सून प्रसूतीसाठी सरकारी रुग्णालयात जाते आणि मुलाच्या खोकल्यावर वैद्यांचे चाटण चालते, यात तेथे कोणास नवल वाटत नाही.

अशा गावचा चिकित्सक वर्षातून एखाद्या वेळी परिषदेस जातो. चार दिवस दवाखाना बंद राहतो, प्रवासाचा व नोंदणीचा खर्च होतो, आणि तो परत येतो तेव्हा भिंतीवर एक प्रमाणपत्र वाढलेले असते. त्याबरोबर औषधाच्या चिठ्ठीतही काही वाढते काय, आणि वाढत असल्यास ते कोणत्या आधारावर, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वस्तुतः तो रुग्णाच्या खिशाचा आणि कित्येकदा त्याच्या प्राणाचा प्रश्न असतो. ‘फंक्शनल मेडिसिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या विचाराच्या परिषदा अलीकडे अनेक देशांत भरतात. दूरदृश्य माध्यमामुळे त्यांतील व्याख्याने घरबसल्याही ऐकता येतात. त्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

तद्विद्यसंभाषा

वैद्यांनी एकत्र जमून चर्चा करावी ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आली, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात ‘तद्विद्यसंभाषा’ या नावाने या विषयाचे सविस्तर विवेचन आहे. तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा. वैद्याने वैद्याशी केलेली चर्चा ती तद्विद्यसंभाषा. तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. सलोख्याने केलेली चर्चा ती संधायसंभाषा आणि जिंकण्याच्या ईर्ष्येने केलेली ती विगृह्यसंभाषा. सलोख्याची चर्चा कोणाशी करावी याचेही वर्णन आहे. जो जाणकार आहे, जो चटकन रागावत नाही, ज्याला समजावून घेता येते आणि समजावूनही देता येते, अशाबरोबर मोकळेपणाने बोलावे. त्याला विचारताना संकोच धरू नये, तो हरला तर आनंदाने फुगू नये, आणि आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टींची बढाई मारू नये.

चर्चेचे लाभ सांगताना ग्रंथकाराने मनुष्यस्वभावाचे मोठे मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. गुरूने प्रसन्न होऊन आवडत्या शिष्यास गुपित म्हणून सांगितलेली गोष्टही, वादाच्या भरात जिंकण्याच्या इच्छेने तो शिष्य बोलून जातो, आणि ऐकणाऱ्यास ती अनायासे मिळते. परिषदेत व्यासपीठावरील भाषणापेक्षा चहाच्या वेळी झालेल्या वादातून अधिक मिळते, हा अनुभव आजचाच नव्हे.

विगृह्यसंभाषेच्या भागात तर परिषदेस जाणाऱ्याने आपल्यासमोर कोणती सभा आहे हे आधी पारखावे असे सांगितले आहे. सभा जाणत्यांची आहे की अजाणांची; ती आपल्याला अनुकूल आहे, तटस्थ आहे की आधीच विरोधी पक्ष धरून बसलेली आहे, हे पाहावे. कमी शिकलेल्या प्रतिपक्षास लांबलचक सूत्रांच्या पठणाने नामोहरम करावे, अशी युक्तीही तेथे संकोच न करता दिलेली आहे. पडद्यावर झरझर सरकणारी चित्रे आणि एका श्वासात घेतलेली वीस रसायनांची नावे यांपुढे दिपून जाणाऱ्या आजच्या श्रोत्याने हा भाग मुद्दाम वाचावा. त्याच अध्यायात वादास उपयोगी अशा चव्वेचाळीस संज्ञा दिल्या असून प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त, संशय अशा क्रमाने बोलणाऱ्याचे विधान कसे तपासावे हे दाखविले आहे.

संहितेत प्रत्यक्ष परिषदांचे वृत्तान्तही आले आहेत. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनात जमलेल्या ऋषींपुढे रस किती, हा प्रश्न आहे. भद्रकाप्य म्हणतो एकच. पुढचे वक्ते दोन, तीन, चार असे वाढवीत नेतात. विदेहाचा निमी सात सांगतो, बडिश धामार्गव आठ सांगतो, आणि बाल्हीक देशाचा वैद्य कांकायन तर रस अगणित आहेत असे म्हणतो. शेवटी पुनर्वसू आत्रेय सहा रसांचा निर्णय देतो व इतर मते कोठे घसरली ते एकेक करून सांगतो. त्याच्या आधीच्या, पंचविसाव्या अध्यायात मनुष्य आणि त्याचे रोग कशापासून उत्पन्न होतात यावर असाच वाद झाला आहे. कोणी आत्मा म्हणतो, कोणी मन, कोणी कर्म, कोणी काळ. आत्रेय त्यांना थांबवून म्हणतो, की आपलाच पक्ष धरून बोलणारे लोक घाण्यावर फिरणाऱ्यासारखे गोल गोल फिरतात, मुक्कामाला पोहोचत नाहीत. ज्या भावांच्या संपन्नतेने मनुष्य घडतो, त्याच भावांच्या विकृतीने रोग घडतात, हा त्याचा निर्णय. एकच एक कारण धरून बसू नये, हा या निर्णयाचा आशय पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

आधुनिक काळात ही परंपरा संघटित स्वरूपात पुन्हा सुरू करण्याचे श्रेय एका मराठी वैद्याकडे जाते. ‘आर्यभिषक्’ या ग्रंथाचे कर्ते शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरविले. त्यांचे देहावसान १९०९ साली, वयाच्या जेमतेम बेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास झाले; परंतु त्यांनी उभी केलेली संस्था अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन या नावाने टिकून राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये पणजी येथे जागतिक आयुर्वेद परिषदेचे नववे अधिवेशन भरले. नाशिकच्या संमेलनापासून पणजीच्या अधिवेशनापर्यंत एकशेपंधरा वर्षांचे अंतर आहे.

फंक्शनल मेडिसिनचा विचार

‘फंक्शनल मेडिसिन’ ही संज्ञा अमेरिकेत रूढ झाली. जेफ्री ब्लँड हे जीवरसायनशास्त्रज्ञ तिचे प्रवर्तक मानले जातात. १९९१ साली त्यांच्या पुढाकाराने तेथे या विषयाची संस्था स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक परिषदा भरू लागल्या. या विचाराचे सार असे, की रोगाला नाव देऊन त्यावर औषध देणे पुरेसे नाही. पचन व शोषण, रोगप्रतिकार, ऊर्जानिर्मिती, उत्सर्जन, रक्ताभिसरण, ग्रंथींचे स्राव अशा शरीराच्या मूलभूत कार्यांपैकी कोणते कार्य बिघडले आणि का बिघडले, हे शोधावे. यासाठी रुग्णाच्या जन्मापासून आजपर्यंतच्या घटना एका कालरेषेवर मांडतात. आहार, झोप, श्रम, मनावरील ताण आणि माणसांशी असलेले संबंध यांची चौकशी करतात. आणि उपचारात आहार व दिनचर्या यांना पहिले स्थान देतात.

बऱ्हाणपूरच्या वैद्यास वा हकिमास यात ओळखीचे बरेच काही आढळेल. वैद्य निदानपंचक शिकलेला असतो. हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती या पाच वाटांनी तो रोगाकडे पाहतो. हकीम ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणजे आरोग्याची सहा अत्यावश्यक कारणे शिकलेला असतो : हवा, अन्नपाणी, शरीराचे श्रम व विश्रांती, मनाचे क्षोभ व शांती, झोप व जागरण, आणि शरीरातून बाहेर टाकण्याच्या व राखून ठेवण्याच्या क्रिया. अमेरिकेतील व्याख्याता ज्या गोष्टी नवा शोध म्हणून मांडतो, त्यांतील निम्म्या या दोघांच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहेत. यावरून दोन्ही एकच, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. आपल्या ग्रंथात आहे म्हणून ते सिद्ध, आणि अमेरिकेत म्हणतात म्हणून ते सिद्ध, ही दोन्ही विधाने सारखीच कच्ची आहेत.

या पद्धतीचे खरे आकर्षण वेगळेच आहे. तिच्यात चिकित्सक रुग्णाला वेळ देतो. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याला पाच मिनिटेही मिळाली नाहीत, त्याला तासभर ऐकून घेणारा कोणी भेटला की त्याचे निम्मे समाधान तेथेच होते. हा गुण उचलण्यासारखा आहे, आणि त्याला नोंदणीशुल्क लागत नाही.

अडचण पुढे सुरू होते. कारण शोधण्याच्या नावाखाली तपासण्यांची लांब यादी आणि कार्य सुधारण्याच्या नावाखाली पूरक गोळ्यांची तितकीच लांब यादी, असे स्वरूप या व्यवसायास अनेक ठिकाणी आले आहे. उदाहरणादाखल अन्नपदार्थांविरुद्धच्या आयजीजी प्रतिपिंडांची तपासणी घ्यावी. रक्ताच्या एका नमुन्यावर कित्येक पदार्थांची यादी तयार होते आणि अमुक अन्न आपणांस मानवत नाही, असे रुग्णास सांगितले जाते. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट केले, की आयजीजी-४ जातीचे असे प्रतिपिंड सापडणे म्हणजे ते अन्न शरीरात गेलेले आहे एवढेच. अन्न न मानवण्याचे निदान त्यावरून करू नये. आता ही यादी केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या बाईच्या मुलाच्या हाती पडली आणि तीत दूध, गहू, शेंगदाणे व केळी वर्ज्य ठरली, तर त्या घरात मुलाला द्यायचे काय उरते? आधीच वजनाने कमी असलेल्या बालकावर हा प्रयोग होता कामा नये.

भारतात आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी या पद्धतींना कायद्याने मान्यता आहे व त्यांची नोंदणी होते. फंक्शनल मेडिसिन ही अशी मान्यताप्राप्त स्वतंत्र पद्धती नाही. तिच्या परिषदेचे वा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळाल्याने कोणाचाही व्यवसायाचा अधिकार वाढत नाही. वैद्य हा वैद्य राहतो, हकीम हा हकीम राहतो.

व्याख्यान ऐकताना

परिषदेत मांडलेले विधान कसे तोलावे, हे तीन वास्तव उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण फंक्शनल मेडिसिनचेच आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक या विख्यात रुग्णालयाने २०१४ मध्ये या विषयाचे केंद्र उघडले. तेथील रुग्णांची तुलना कुटुंबवैद्यकाच्या साध्या दवाखान्यातील रुग्णांशी करणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीत, सहा महिन्यांनंतर केंद्रातील रुग्णांच्या शारीरिक स्वास्थ्याचे गुण अधिक वाढलेले दिसले. परिषदेत हे वाक्य मोठ्या अक्षरांत दाखविले जाते. उरलेली हकीकत अशी, की कोणी कोणत्या ठिकाणी जावे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्यांना या पद्धतीची आवड होती तेच त्या केंद्रात गेले होते. हा अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेला होता. बारा महिन्यांनंतर दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. याचा अर्थ ती पद्धती निरुपयोगी ठरली असा नव्हे; ती उपयोगी ठरली असेही त्यावरून म्हणता येत नाही, एवढाच.

दुसरे उदाहरण मधुमेहाचे आहे. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड व टाइनसाइड भागातील दवाखान्यांत ३०६ मधुमेही रुग्णांवर ‘डायरेक्ट’ या नावाचा प्रयोग झाला व त्याचा पहिला अहवाल २०१७ मध्ये आला. कोणत्या दवाखान्याने नेहमीचा उपचार द्यावा आणि कोणत्या दवाखान्याने वजन उतरविण्याचा कार्यक्रम राबवावा, हे चिठ्ठ्या टाकण्याच्या पद्धतीने ठरविले होते. दुसऱ्या गटास तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे साडेआठशे कॅलरींचा ठरावीक आहार देऊन मग हळूहळू नेहमीच्या अन्नावर आणले. वर्षअखेर या गटातील शंभरांपैकी ४६ जणांची साखर औषधांवाचून मर्यादेत आली. नेहमीच्या उपचाराच्या गटात शंभरांपैकी ४ जणांची. दोन वर्षांनंतर हे प्रमाण ३६ व ३ असे राहिले. आहाराने मधुमेहाच्या मुळाशी जाता येते, या म्हणण्यास याहून भक्कम आधार सांगणे अवघड आहे.

तरीही बऱ्हाणपूरच्या दवाखान्यात तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. त्या प्रयोगातील रुग्ण वजनाने भारी होते, त्यांचा मधुमेह सहा वर्षांहून जुना नव्हता, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांस त्यात प्रवेशच नव्हता. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा, अंगाने सडपातळ असा कामगार मधुमेही असू शकतो. त्याला अर्धपोटी ठेवण्याने काय साधणार? लहानपणी होणाऱ्या मधुमेहात तर शरीर इन्सुलिन बनवीतच नाही. त्या मुलाचे इन्सुलिन ‘मूळ कारणावर उपचार’ म्हणून बंद केले, तर रक्तात आम्ल साठून काही दिवसांत प्राणावर बेतते. वर्गात असे मूल असेल, तर शिक्षकांस ही गोष्ट माहीत असणे आवश्यक आहे.

तिसरे उदाहरण थोडक्यात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळते, म्हणून ते दिल्यास मधुमेह टळेल, असा तर्क होता. अमेरिकेत २,४२३ लोकांवर तो तपासला गेला. निम्म्यांना रोज ४,००० एककांची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. २०१९ मध्ये निष्कर्ष आला : मधुमेह होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. एखादी गोष्ट रोग्यात कमी आढळली म्हणजे तीच रोगाचे कारण, असे होत नाही. परिषदेच्या आवारातील गोळ्यांच्या दुकानांपुढून जाताना हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मूळ कारण कळल्यावरही

‘मूळ कारण शोधा’ हे बोधवाक्य ऐकावयास गोड आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या चिकित्सकास मात्र त्याची मर्यादा रोज भेटते. बारेला, भिलाला, कोरकू अशा आदिवासी समाजांची वस्ती असलेल्या या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. हातापायांच्या असह्य कळा, सांध्यांची सूज, वारंवार येणारा ताप, पिवळे डोळे आणि फिकटपणा ही त्याची लक्षणे. वरवर पाहणाऱ्यास हा संधिवात वाटतो, कोणास कावीळ वाटते. नव्या परिषदेहून परतलेल्या चिकित्सकास तो ‘शरीरातील दाह’ वाटू शकेल, आणि मग दाह कमी करणाऱ्या आहाराची व गोळ्यांची यादी लिहिली जाईल.

या रोगाचे मूळ कारण जितके नेमके ठाऊक आहे, तितके फार थोड्या रोगांचे ठाऊक आहे. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये तो हिमोग्लोबिनच्या रेणूचा विकार असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इनग्रॅम यांनी त्या रेणूतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक असल्याचे सिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा विकार प्रथम नोंदला गेला. कारण माहीत झाले तरी कोणताही आहार, काढा वा जीवनसत्त्व ते बदलू शकत नाही. चिकित्सकाच्या हाती जे असते ते असे : वेळेवर निदान, भरपूर पाणी, थंडी व अतिश्रमापासून जपणूक, संसर्गावर त्वरित उपचार, फॉलिक आम्ल, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध, ज्याने वेदनांचे झटके कमी होतात.

प्राथमिक तपासणी विद्राव्यतेच्या साध्या चाचणीने होते; परंतु ती वाहक कोण व रुग्ण कोण हे सांगत नाही, त्यासाठी पुढची चाचणी करावी लागते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. चाळीस वर्षे वयापर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व त्यांना ओळखपत्रे देणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्नापूर्वी ओळखपत्रे पाहण्याचे महत्त्व यावरून कळेल. आश्रमशाळेतील शिक्षकाने कळा येणाऱ्या मुलाला आळशी न ठरविता तपासणीस धाडले, तर रोगाच्या मुळाचा विचार तेथे खऱ्या अर्थाने झाला.

खर्च कोणी केला

परिषदेच्या बाबतीत हा प्रश्न नाजूक मानला जातो, म्हणून तो टाळण्याकडे कल असतो. तो टाळू नये. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी असलेल्या व्यावसायिक आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती होऊन, औषध कंपन्यांकडून भेटवस्तू किंवा प्रतिनिधी म्हणून परिषदेस जाण्यासाठी प्रवासखर्च घेण्यास मनाई करण्यात आली. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र शासनाच्या औषधनिर्माण विभागाने औषध कंपन्यांसाठी विपणनाची एकसमान संहिता प्रसृत केली. तीत परिषदेस जाणाऱ्या चिकित्सकाचा वा त्याच्या कुटुंबीयांचा प्रवास व निवास यांचा खर्च कंपनीने करू नये, असे सांगितले असून वक्त्यांपुरता अपवाद ठेवला आहे. वैद्य व हकीम यांनीही हीच कसोटी स्वतःस लावून घेण्यास कोणी आडकाठी केलेली नाही.

पूरक आहाराच्या डब्यांविषयीही एक गोष्ट ग्राहकाने जाणून घ्यावी. अन्नसुरक्षा नियमांनुसार ही उत्पादने अन्न या सदरात मोडतात, औषध या सदरात नाही. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना त्यांवर छापणे बंधनकारक आहे. डबा हाती घेऊन ती ओळ शोधावी. ती बहुधा बारीक अक्षरांत असते. त्याचप्रमाणे १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा रोगांवर उपायाची जाहिरात करण्यास बंदी आहे. मधुमेह मुळापासून घालविण्याचे फलक रस्त्याच्या कडेला दिसतात ते या कायद्याच्या विरुद्ध असतात, मग ते लावणाऱ्याने किती का परिषदांना हजेरी लावलेली असेना.

जाण्यापूर्वी आणि परतल्यावर

परिषदेची तयारी आगगाडीच्या तिकिटापासून सुरू होते असे मानू नये. ज्या रुग्णांचे निदान वा उपचार आपल्याला साधलेले नाहीत, अशा तिघाचौघांची टिपणे, नावगाव गाळून, जवळ घ्यावीत. प्रश्न बरोबर नेला तर उत्तर ओळखू येते. रिकाम्या हाताने गेलेला चिकित्सक जे समोर येईल ते भरून आणतो. प्रत्येक व्याख्यानास धावण्यापेक्षा आपल्या तालुक्यात जे आजार दिसतात त्यांची व्याख्याने निवडावीत. खकनारच्या परिसरातील चिकित्सकास वृद्धत्व लांबविण्याच्या परिसंवादापेक्षा ॲनिमियावरील अर्ध्या तासाचा निबंध अधिक उपयोगी आहे, मग तो निबंध शेवटच्या दिवशी, निम्मी खुर्ची रिकामी असताना का वाचला जाईना. वक्त्यास प्रश्न विचारावा : रुग्ण किती होते, तुलना कोणाशी केली, किती काळ पाहिले, अपाय किती जणांस झाला, आणि खर्च कोणी केला. या पाच प्रश्नांना उत्तर देताना जो चिडतो, तो संधायसंभाषेस योग्य नव्हे, हे चरकसंहितेच्याच लक्षणांवरून ठरते.

परतल्यावर या पाच उत्तरांचे एक पानी टिपण करून ते गावातील इतर व्यवसायींपुढे वाचावे. बऱ्हाणपुरात यासाठी वैद्य, हकीम आणि डॉक्टर यांना एका खोलीत बसविणे शक्य आहे, आणि ही सोय मोठ्या शहरांतही सहसा नसते. आधुनिक डॉक्टर विचारील, की चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते काय. हकीम विचारील, की रुग्णाची प्रकृती व ऋतू पाहिले होते काय. वैद्य संप्राप्ती विचारील. तिघांच्या प्रश्नांतून जे तरेल तेवढे रुग्णापर्यंत न्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अशा टिपणास दहा मिनिटे दिल्यास आशा कार्यकर्ती व परिचारिका यांनाही, गावात नव्याने आलेल्या गोळ्यांविषयी कोणी विचारले तर काय सांगावे, हे कळेल.

ग्रामस्थांपुरते पाहिल्यास, नवी तपासणी किंवा नवी गोळी सुचविली गेली असता ती कशासाठी आहे, तिने उपचारात काय बदलणार, आणि ती न घेतल्यास काय होईल, एवढे विचारण्याचा प्रत्येक रुग्णास अधिकार आहे. चालू असलेले इन्सुलिन, क्षयाची औषधे, फिटांच्या गोळ्या किंवा हायड्रॉक्सियुरिया कोणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. ज्याने ती सुरू केली त्या डॉक्टरांस, किंवा ते शक्य नसल्यास जिल्हा रुग्णालयात, आधी दाखवावे, आणि जाताना जुने कागद व घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, काढ्यांच्या बाटल्यांसह, पिशवीत घालून न्यावीत.